ट्रॅप : उरणच्या काळ्या दगडाचे परके नाव

१/
शाळेत 'डेक्कन ट्रॅप' हे नाव प्रथम कानावर पडते तेव्हा बहुतेक विद्यार्थी मनातल्या मनात त्याचे भाषांतर 'दख्खनचा सापळा' असे करतात. इंग्रजी शब्दकोशात 'ट्रॅप'चा पहिला अर्थ तोच असतो. मग प्रश्न पडतो, या सापळ्यात अडकले कोण? परीक्षेत हा प्रश्न येत नाही, म्हणून तो तिथेच विरतो. परंतु त्याचा माग काढला तर वाट स्वीडनच्या खाणींपासून उरणच्या मोरा बंदरापर्यंत येते, आणि त्या वाटेवर दगडाचे आणखी दोन जर्मानिक शब्द भेटतात.

२/
मोऱ्याच्या धक्क्यावर उभे राहिले की उत्तरेला घारापुरीचे बेट दिसते. दोन टेकड्या आणि त्यांच्या मधली खोलगट जागा, अशी त्याची ओळखीची आकृती. दक्षिणेला करंजाच्या बाजूस द्रोणागिरीचा डोंगर. मध्ये खाडी, तिवरे, मिठागरे आणि आता बंदराच्या क्रेन. बेट आणि डोंगर दोन्ही एकाच काळ्या दगडाचे. बेटावर जगाने वारसा म्हणून मान्य केलेली लेणी असली, तरी महसुली हिशेबात घारापुरी उरण तालुक्यातले एक गाव आहे.

३/
हा दगड बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहत राहिला. एक थर थंड झाला, काही काळ गेला, त्यावर दुसरा थर आला. असे कित्येक थर साचून पश्चिमेकडे दोन किलोमीटरहून अधिक जाडीचा खडक तयार झाला. आज त्याचा विस्तार सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे आणि महाराष्ट्राचा जवळजवळ चार पंचमांश भाग त्याच्यावर उभा आहे.

४/
प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट व कणखर असतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, लवकर झिजणारा. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे लाल मातीचा पट्टाही सापडतो. लाखो पावसाळे अशा रचनेवर कोसळले, तेव्हा कणखर भागाचे उभे कडे झाले आणि मऊ भागाचे उतार. कडा, उतार, पुन्हा कडा. माथेरान किंवा घाटमाथा दुरून पाहिला तर डोंगराला कोणी पायऱ्या खोदल्या आहेत असे वाटते. आपल्या शब्दाचे उगमस्थान हेच दृश्य आहे.

५/
स्वीडिश भाषेत 'त्राप्पा' म्हणजे जिना. डच भाषेत जिन्याला 'ट्रॅप' म्हणतात, जर्मनमध्ये 'ट्रेपे'. अठराव्या शतकात स्वीडनच्या खनिजतज्ज्ञांनी जिन्यासारख्या दिसणाऱ्या काळ्या खडकाला 'त्राप्प' म्हणण्यास सुरुवात केली. रसायनशास्त्रज्ञ टॉर्बर्न बर्गमन यांच्या लेखनातून तो शब्द युरोपभर गेला. म्हणजे 'डेक्कन ट्रॅप'चा सरळ अर्थ दख्खनच्या पायऱ्या.

६/
दगडाला नाव देण्याचे काम स्वीडिश-जर्मन भाषांकडे का आले? कारण तेव्हा खाणकामाची विद्या त्यांच्या हाती होती. सॅक्सनीतील फ्रायबर्गची खाणकाम अकादमी १७६५ साली स्थापन झाली. क्वार्ट्झ, फेल्डस्पार, नाइस ही खडक-खनिजांची नावे जर्मन खाणकामगारांच्या बोलीतली. कोबाल्ट आणि निकेल ही तर भुताखेतांची नावे: तांब्यासारखा दिसणारा दगड तांबे देत नाही, तेव्हा खाणीतल्या खोडकर भुताने फसवले, अशी त्यांची समजूत होती. आजच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत त्या कामगारांची बोली अजून नांदते आहे.

७/
नाव पडले त्या काळात हा खडक बनला कसा, यावर मोठे भांडण चालू होते. फ्रायबर्गचे अब्राहम वेर्नर आणि त्यांचे शिष्य म्हणत, बेसाल्ट समुद्राच्या पाण्यातून साचला. फ्रान्सच्या ओव्हेर्न्य प्रांतात हिंडलेल्या निकोला देमारे यांनी तो ज्वालामुखीतून आला असे दाखवून दिले. अखेरीस अग्नीचा पक्ष जिंकला. 'ट्रॅप' शब्द या वादात कोणाच्याच बाजूने नव्हता. तो दगडाच्या जन्माबद्दल काही सांगत नाही, घटकांबद्दलही नाही. तो केवळ आकार सांगतो. म्हणूनच सिद्धान्त बदलले तरी तो टिकला.

८/
दख्खनला हे नाव चिकटले ते कंपनी सरकारच्या काळात. पेशवाईच्या अस्तानंतर मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करणारे कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३० च्या दशकात लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे या प्रदेशाचे भूशास्त्रीय वर्णन मांडले. 'डेक्कन ट्रॅप' या नावाचे श्रेय सहसा त्यांनाच दिले जाते. जमीन, पीक, लोकसंख्या यांची मोजदाद करणाऱ्या अधिकाऱ्याच्या वहीत डोंगराचीही नोंद झाली, ती स्वीडनहून आलेल्या शब्दात.

९/
आणि सापळा? इंग्रजीतला सापळ्याचा 'ट्रॅप' हा वेगळा, जुना शब्द आहे. मात्र दोघांचे कूळ एकच असावे असे मानले जाते: पाऊल टाकणे. ज्यावर पाऊल टाकून वर चढायचे तो जिना. ज्यावर पाऊल पडताच अडकायचे तो सापळा. शाळकरी मुलाची चूक अशा रीतीने अगदीच परकी ठरत नाही.

१०/
साइक्ससाहेबांच्या आधी इथे या दगडाला नाव नव्हते असे अर्थातच नाही. नावे अनेक होती, आणि ती दुरून पाहणाऱ्याची नव्हती. घट्ट काळा दगड तो काळवत्री. अखंड पसरलेला तो कातळ. झिजून सुटलेला, रस्त्यावर आणि जोत्यात घालायचा तो मुरूम. घडवून देव केला की पाषाण, लेख कोरला की शिळा, हातात मावला की धोंडा. पाथरवटाच्या, वडाराच्या, शेतकऱ्याच्या भाषेत दगडाचे नाव त्याच्याशी काय करायचे आहे यावर ठरते. 'ट्रॅप' हे नाव डोळ्याचे आहे. ही नावे हाताची.

११/
हाताचा विषय निघाला की दुसरा जर्मानिक शब्द आठवावा लागतो. प्राचीन नॉर्स भाषेत 'हामार' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होते: खडकाळ कडा आणि हातोडा. नॉर्वेतील लिलेहामर या गावाच्या नावात तो कडा अजून उभा आहे. इंग्रजीतल्या 'हॅमर'मध्ये फक्त हातोडा उरला. पहिला हातोडा दगडाचाच होता, हे या शब्दाने लक्षात ठेवले. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ या शब्दाला संस्कृत 'अश्मन्'चा भाऊबंद मानतात. आपल्या 'अश्मयुग' शब्दातला तोच अश्म.

१२/
या घराण्याची आणखी एक शाखा मराठीत वेगळ्याच दाराने आली आहे. अवेस्ताच्या भाषेत 'अस्मन्' म्हणजे दगड आणि आकाशही, कारण आकाश हा दगडी घुमट आहे अशी कल्पना होती. त्यापासून फारसीत आसमान आले आणि फारसीतून मराठीत 'अस्मान'. अस्मानी-सुलतानी म्हणताना आपण नकळत दगडाचेच नाव घेतो. अश्म, अस्मान आणि हॅमर हे तीन सोयरे तीन वाटांनी येऊन एकाच भाषेत भेटले आहेत.

१३/
घारापुरीत त्या हातोड्याचे काम पाहायला मिळते. बंदरावरून सुमारे १२० पायऱ्या चढल्या की मुख्य लेणे येते. ते साधारण सहाव्या शतकातले, कलचुरी राजवटीच्या काळातले मानले जाते. कोरीव लेण्यात बांधकाम उलटे चालते: आधी छत, मग खांबांचे माथे, शेवटी जमीन. चूक झाली तर बदली दगड नाही. माणसाच्या सुमारे तिप्पट उंचीचे ते त्रिमुखी सदाशिवाचे शिल्प, ज्याला लोक त्रिमूर्ती म्हणतात, कोठून आणून बसवलेले नाही. भोवतीचा दगड काढून टाकल्यावर जे शिल्लक राहिले ते सदाशिव.

१४/
टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण अशा दगडानेच मराठीला दिली असावी इतकी ती इथे सार्थ वाटते. मुंबई-पनवेल परिसरात लाव्ह्याचे थर आडवे नाहीत, ते समुद्राकडे कललेले आहेत. भूशास्त्रज्ञ या बाकाला 'पनवेल फ्लेक्शर' म्हणतात. त्याचे वर्णन १९४९ साली जॉन बिकनेल ऑडेन यांनी केले, कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांचे हे थोरले बंधू. म्हणजे इथला निसर्गाचा जिना समुद्रात उतरतो, आणि त्या कललेल्या दगडात शिल्पकारांनी सरळ छत आणि सरळ खांब काढले.

१५/
दगड हलवायचा म्हटले की काय होते, याचाही धडा घारापुरीत आहे. बंदराजवळ एक प्रचंड दगडी हत्ती होता. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटले. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलण्याचा प्रयत्न झाला आणि तो कोसळून फुटला. तुकडे मुंबईला आणले गेले. १९१४ साली ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. आज तो भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी आहे. बेटाला नाव देणारा हत्ती बेटावर नाही. नाव मात्र राहिले.

१६/
आता तिसरा शब्द. स्वीडिशमध्ये 'माल्म' म्हणजे धातुक, ज्यातून धातू काढतात तो दगड. स्वीडनच्या उत्तरेकडील 'माल्मबेर्येत' या खाणगावाच्या नावाचा अर्थच धातुकाचा डोंगर. पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे वाळू-खडीचा उंचवटा. स्टॉकहोमचे सोदेरमाल्म आणि नोरमाल्म हे भाग त्यावर वसले. दोन्हींच्या मुळाशी दळणे ही क्रिया आहे. चौथ्या शतकात बिशप वुल्फिला यांनी केलेल्या बायबलच्या गॉथिक अनुवादात वाळूवर घर बांधणाऱ्या माणसाचा दृष्टान्त येतो, तिथे वाळूसाठी हाच शब्द आहे. जे दळले जाते ते माल्म.

१७/
बेसाल्ट हे धातुक नाही. महाराष्ट्राचे लोहखनिज मिळते ते गडचिरोली-सिंधुदुर्गात, ट्रॅपच्या बाहेरच्या कितीतरी जुन्या खडकांत. उरणच्या दगडातून वितळवून काढण्यासारखे काही नाही. तरीही गेल्या अर्धशतकात या तालुक्याच्या आसपास तो धातुकासारखाच वागवला गेला. क्वारीत सुरुंग, मग क्रशर, मग डंपर. डबर, खडी, कच असे प्रतवार भाव. दळल्यावर किंमत येणारा दगड, म्हणजे अर्थाने माल्मच.

१८/
कारण नवे शहर आणि नवे बंदर यांना भराव हवा होता. सिडकोची स्थापना १९७० साली झाली. न्हावा आणि शेवा परिसरातील खाजणांवर भराव पडला, शेवा गावातील लोकांना दुसरीकडे वसवले गेले आणि १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. मधल्या काळात, जानेवारी १९८४ मध्ये, जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. गोळीबारात पाच शेतकऱ्यांना प्राण गमवावे लागले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याचे धोरण त्या लढ्यातून आले. भाताच्या खाचराचा हिशेब चौरस मीटरमध्ये होऊ लागला तो तेव्हापासून.

१९/
शेजारच्या पनवेल तालुक्यात उलव्याची टेकडी होती, सुमारे ९० मीटर उंच. नवी मुंबई विमानतळासाठी ती सुरुंगांनी उतरवण्यात आली आणि तिचाच दगड विमानतळाच्या जमिनीची पातळी वाढवण्यासाठी वापरला गेला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. टेकडी कोठे गेली असे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे: ती तिथेच आहे, आडवी झाली आहे.

२०/
'ट्रॅप' या नावाचे मर्म खरे तर इथे कळते. बेसाल्ट हे द्रव्याचे नाव आहे. डोंगर फोडून त्याची खडी केली, खडीत सिमेंट मिसळून पूल बांधला, तरी त्यातला बेसाल्ट बेसाल्टच राहतो. प्रयोगशाळा तो ओळखेल. ट्रॅप हे आकाराचे नाव आहे. पायऱ्या गेल्या की ट्रॅप गेला, एक कणही नाहीसा झालेला नसताना. सर्व द्रव्य जागेवर असूनही काय हरवले ते सांगणारा शब्द भूशास्त्राला मिळाला, तो जिन्याकडे पाहून नाव ठेवणाऱ्या खनिजतज्ज्ञांमुळे.

२१/
याचा अर्थ दगडाला हात लावूच नये असा होत नाही. लेणे खोदणाऱ्यांनीही डोंगर फोडलाच होता. जाते, पाटा-वरवंटा, उखळ, विहिरीचे काठ, घराची जोती, सारा संसार याच दगडावर झाला. १२ जानेवारी २०२४ रोजी एकाच दिवशी उरणपर्यंतची लोकल आणि २१.८ किलोमीटरचा अटल सेतू यांचे उद्घाटन झाले. मुंबई गाठण्यासाठी वर्षानुवर्षे भरती-ओहोटीकडे आणि लाँचच्या वेळेकडे डोळे लावून बसलेल्या तालुक्याला या सोयीचे मोल कोणी शिकवायला नको. घारापुरीत तर समुद्राखालच्या केबलने वीज पोहोचली ती २०१८ साली.

२२/
फरक आहे तो फोडण्यानंतर काय उरते याचा. पाथरवट दगडाचा काही भाग काढतो आणि उरलेल्याला रूप देतो. क्रशर सगळाच घेतो. कारागिराने घडवलेल्या दगडाकडे पाहून तो कोणत्या डोंगराचा, कोणत्या थराचा हे सांगता येते. खडीला गाव नसते. तालुक्याचा इतिहास लिहिणाऱ्याला सनदा, दस्त, सातबारे मिळतील. टेकडीचा आकार कोणत्याही दप्तरात नोंदलेला मिळत नाही. तो जुन्या नकाशातल्या समोच्च रेषांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत राहतो. खाडीत होडी घालणारे कोळी डोंगराची शिखरे पाहून दिशा धरत. त्यांच्यासाठी ते आकार म्हणजे नकाशाच होते.

२३/
मराठीत न बदलणाऱ्या शब्दाला 'काळ्या दगडावरची रेघ' म्हणतात. या वाक्प्रचारामागे एक गृहीत आहे: रेघ पुसली जाईल की नाही हा प्रश्न असू शकतो, दगड राहील की नाही हा प्रश्नच नाही. ज्या पिढ्यांनी ही भाषा घडवली त्यांच्या दृष्टीने डोंगर ही कधी न संपणारी गोष्ट होती. त्यांनी दगडाला कामाची इतकी नावे दिली, पण साऱ्या डोंगराच्या आकाराला एकच नाव देण्याची गरज त्यांना भासली नाही. तो समोर होताच.

२४/
ते नाव बाहेरून आले, चुकीच्या अर्थाने पाठ झाले, आणि आता उपयोगी पडते आहे. मोऱ्याहून सुटणाऱ्या लाँचमधून संध्याकाळी मागे वळून पाहिले तर द्रोणागिरीचा माथा अजून आकाशावर स्पष्ट उमटलेला दिसतो. डाव्या-उजव्या हाताला कोणती टेकडी आहे आणि कोणती होती, हे लाँचवरचा एखादा जुना माणूस बोट दाखवून सांगू शकतो. तो 'ट्रॅप' म्हणणार नाही. तो म्हणेल, इथे डोंगर होता.